बुजवलेली प्रत्येक खिडकी कर चुकवण्यासाठी नव्हती

इंग्लंडमधल्या जुन्या दगडी घराचा फोटो आणि खाली हमखास हा मजकूर: "राजाने उजेडावर कर लावला, म्हणून लोकांनी खिडक्या बुजवल्या. 'डेलाइट रॉबरी' (दिवसाढवळ्या लूट) हा शब्द त्यावरूनच आला."

खिडक्यांवर कर होता, यात वाद नाही. तिसऱ्या विल्यमच्या राज्यात १६९६ साली तो लागला आणि १८५१ मध्ये उठला. त्यापायी खिडक्या बुजल्याही. पण बंद खिडकी दिसली रे दिसली की करावर बोट ठेवायचं, हे चूक.

इंग्लंडमधल्या डर्बीशरचा हार्डविक हॉल हा वाडा बघा. बेस ऑफ हार्डविक या धनाढ्य काउंटेसने तो १५९० च्या दशकात बांधला, म्हणजे कराच्या शंभर वर्षं आधी. 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल' (भिंतीपेक्षा काच जास्त) असं त्याबद्दल म्हणतात, इतकी तिथे काच. काच महाग, म्हणूनच मिरवायची. आणि तरीही यातल्या काही खिडक्या खोट्या आहेत! बाहेरून काच, मागे धुराडं. दर्शनी बाजू डावी-उजवीकडे तंतोतंत जुळली पाहिजे, मग आत खोली असो वा नसो. पुढे जॉर्जियन काळात (साधारण अठराव्या शतकात) तर खिडकीच्या जागी नुसता दगडी कोनाडा ठेवायची रीतच पडली.

आता पैशांचा हिशेब. सुरुवातीचे दर असे: दहापेक्षा कमी खिडक्या असतील तर घरामागे २ शिलिंग, १० ते २० असतील तर ६, वीसच्या वर १०. म्हणजे नऊ खिडक्यांच्या घराने एक बुजवून काय वाचवलं? काही नाही. साठ खिडक्यांच्या हवेलीनेही नाही. मोजून दर खिडकीमागे कर १७४७ पासून आला, आणि तोही दहा खिडक्यांपासून पुढे.

खरं काय ते भिंतच सांगते. कोनाड्यातल्या दगडांचे थर आजूबाजूच्या थरांशी जुळत असतील, सांधे एकमेकांत गुंतले असतील, तर ती जागा बांधतानाच बंद होती. चौकटीच्या कडेने सरळ उभी फट दिसली, आतला दगड वेगळा दिसला, तर नंतर बुजवलेली. तरीसुद्धा कारण करच असेल असं नाही. आत नवी शेकोटी किंवा जिना आला तरी खिडकी जाते.

राहिला तो शब्द. अवाच्या सवा पैसे उकळणं या अर्थाने 'डेलाइट रॉबरी' लेखी सापडतो तो विसाव्या शतकात. तोवर कर जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती.