सकाळी नऊला लाँग रेस्ट देणाऱ्या डीएमनो

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायचा खेळ. त्यात सकाळी आठला उठलेली पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) नऊला परत झोपली! आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणतो, "बरं, झाली लाँग रेस्ट." म्हणजे आठ तासांची विश्रांती, जिनं खर्चलेली जादू परत भरते.

काल रविवारी, संभाजीनगरात. डीएमनं दौलताबादच्या किल्ल्यावरून डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेली जागा, बेतलं होतं. खंदक, पूल, अंधारी, सगळं कागदावर नीट उतरवलेलं. मेहनत खरी होती. अंधारीत सहा ऑर्क (राक्षसी योद्धे), प्रत्येकी 15 हिट पॉइंट (इतका मार बसला की संपले), एकमेकांना खेटून उभे. पाचव्या लेव्हलच्या विझार्डनं, म्हणजे जादूगारानं, फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकला. 8डी6, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, बरोबर 28 वर थांबले. ज्यांचा सेव्ह (बचावाचा फासा) हुकला ते चार जागेवर गार. ज्यांचा झाला त्यांना निम्मे, 14 बसले, म्हणजे दोघं एकेका हिट पॉइंटवर लटकलेले. त्या दोघांवर दुसरा फायरबॉल! एका हिट पॉइंटसाठी तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायची मोजकी संधी! फायटरवालं (लढवय्या खेळणारं) पोरगं फासा मुठीत धरून बसलं होतं, त्याला हात उगारायलाही मिळालं नाही.

मग विझार्डवाला म्हणतो, मोठे स्लॉट संपले, झोपू या. शत्रूच्या किल्ल्यात, आठ तास, ना पहारा, ना बाहेरून एक आवाज. असं तीनदा झालं. तीन लढायांना तीन लाँग रेस्ट. अरे, 24 तासांत एकाच लाँग रेस्टचा फायदा मिळतो, हे खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकात लिहिलंय. 2024 च्या आवृत्तीत तर एक झाल्यावर दुसरी सुरू करायला किमान 16 तास थांबा, असं स्पष्ट सांगितलंय. पुस्तक टेबलावर होतं! कोणी उघडलं नाही.

आणि उठताना डीएमचा निकाल: "फायटर क्लासच कमजोर आहे. पुढच्या वेळेपासून त्याला डॅमेजला +2."

कमजोर कामून रे? दिवस तुम्ही कापला. 2014 चा खेळ बेतलाय दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) धरून. तो हिशोब मांडा. पाचव्या लेव्हलला विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट, आर्केन रिकव्हरीनं (शॉर्ट रेस्टला काही स्लॉट परत मिळवायची सोय) आणखी एक. म्हणजे अख्ख्या दिवसात तीन फायरबॉल. सहा लढायांत ते कुठं खर्चायचे, हाच तर विझार्ड खेळण्यातला कस आहे. फायटरला त्याच दिवसात अ‍ॅक्शन सर्ज (जादा कृती) तीनदा, सेकंड विंड (हिट पॉइंट परत मिळवणं) तीनदा, दर वेळी 1डी10+5, कारण दोन्ही शॉर्ट रेस्टलाही परत मिळतात. तसेच वॉरलॉक या दुसऱ्या जादूगाराचे दोन स्लॉट सहा होतात, मंक या लढवय्या साधूचे पाच की पॉइंट पंधरा होतात. एका लढाईनंतर झोपा काढल्या की या तिघांचा हा शॉर्ट रेस्टचा फायदाच जातो आणि विझार्डची टाकी कायम भरलेली. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेल्या मुलखात राहतो आपण. पहिल्या सकाळी टाकी अंगणात ओतली तर टँकर आपोआप दारात येत नाही, हे इथं कोणाला सांगावं लागतं का?

याच टेबलावर हल्ल्याच्या डी20 वर (वीस बाजूंचा फासा) 1 पडला की तलवार हातातून निसटते, हा घरचा नियमही आहे. तो कोणाला लागतो? जो जास्त डी20 टाकतो त्याला. दोन हल्ल्यांत एकदा तरी 1 पडण्याची शक्यता 9.75 टक्के, अ‍ॅक्शन सर्ज धरून चार हल्ले केले की 18.5 टक्के. फायटर जितका निष्णात, तितकी तलवार जास्त वेळा जमिनीवर. फायरबॉलवाला डी20 टाकतच नाही. काढून टाका तो नियम, आजच्या आज.

लढाईबाहेर फायटरकडे हत्यारं कमी आहेत, हे मात्र मान्य. 2024 मध्ये टॅक्टिकल माइंड आलं, चेक (एखादं काम जमतं का याचा फासा) हुकला तर सेकंड विंड खर्चून 1डी10 मिळवता येतो, ती चांगली दुरुस्ती आहे. पण नॉक हा मंत्र टाकून कुलूप उघडलं की तो ठोका 300 फुटांपर्यंत ऐकू जातो, हे डीएम विसरतो तेव्हा कुलपं उघडणाऱ्या रोग (चोर) क्लासचंही काम जातं. ठोका ऐकवा की!

दिवस लांब करणं अवघड नाही. ऑर्क खेटून उभे करू नका. दोन पुढं, दोन वरच्या कठड्यावर धनुष्य घेऊन, उरलेले दोघं दोन राउंडनंतर मागून येऊ द्या. झोपायचं म्हणाले तर घड्याळ पुढं सरकवा: ओलिसाला हलवलं, पूल काढला, पहारा दुप्पट झाला. टायनी हट या मंत्राच्या सुरक्षित झोपडीत शिरले तर आठ तासांनी बाहेर टोळी उभी असू द्या. रोजच्या रोज लढाया जमत नसतील तर डीएमच्या 2014 च्या पुस्तकातला ग्रिटी रिअ‍ॅलिझम पर्याय घ्या: शॉर्ट रेस्ट 8 तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. तेवढ्यानं निम्मी भांडणं मिटतात.

आणि तो +2 मागे घ्या. त्या पोराला दया नकोय, त्याला चौथी लढाई हवी आहे.