पहिला तास फुकट द्या, काम फुकट करू नका

गेल्या काही दिवसांत बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकसारख्या जाहिराती फिरताना दिसतात. 'पहिले तीन महिने जीएसटी रिटर्न मोफत.' 'उद्यम नोंदणी मोफत.' 'प्रोजेक्ट रिपोर्ट मोफत, सबसिडी आली की बघू.' टाकणारी मुलं बहुतेक आपल्याच भागातली आहेत. कुणी खानापूरकडचं, कुणी येळ्ळूरचं, बी. कॉम. करून एखाद्या ऑफिसात दोन-तीन वर्षं काम शिकलेलं आणि आता स्वतःचं टेबल टाकलेलं. त्यांची धडपड मला कळते. नवीन माणसाकडे कुणी कागद घेऊन येत नाही, दुकानदार वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे जातात, आणि घरचे विचारतात की ऑफिसचं भाडं निघतं का. मी स्वतः जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून याच धंद्यात आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

नवीन क्लायंट जोडण्यासाठी सल्ला फुकट द्यायला माझी अजिबात हरकत नाही. उलट तो द्यावाच. फक्त समोरच्याला वेळ आली तर 'तुम्हाला माझी गरज नाही' असं सांगायची तयारी पाहिजे. ती नसेल तर तो फुकट सल्ला त्या माणसाला महागात पडतो, आणि ते पैसे दंडाच्या रूपाने नंतर जातात.

उदाहरण घ्या. उद्यम नोंदणीला, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीला, सरकार एक रुपयासुद्धा घेत नाही. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आहे, आधार आणि पॅन हाताशी असलं की होते. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. मग 'मोफत नोंदणी' म्हणून आपण नेमकं काय देतोय? फॉर्म भरण्याची मेहनत. त्या मेहनतीचे पैसे घ्यायला काहीच हरकत नाही, पण मग सरळ सांगावं की सरकारची फी शून्य, माझी एवढी. लोक देतात.

जीएसटीचा नंबर काढणं सोपं आहे, तो सांभाळणं अवघड. नंबर आला की विक्री होवो न होवो, रिटर्न, म्हणजे विक्रीचा आणि कराचा हिशेब, भरावंच लागतं. शून्याचं रिटर्न चुकलं तर दिवसाला २० रुपये, विक्री असलेलं चुकलं तर ५० रुपये लेट फी, वर कर बाकी असेल तर १८ टक्क्यांनी व्याज. नंबर बंद करायचा म्हटलं तरी शेवटचं रिटर्न वेगळं भरावं लागतं, आणि ते भरायचं असतं हे निम्म्या लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. गल्लीतल्या ज्या दुकानदाराला नंबर लागतच नव्हता, त्याला तो फुकट काढून दिला म्हणजे त्याच्या डोक्यावर दर महिन्याचं ओझं ठेवलं.

२०२५ च्या जुलैत हे फार जवळून बघायला मिळालं. वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून कर्नाटकभर छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी सगळीकडे झाली, बंगळुरात दुकानांवर 'नो यूपीआय, ओन्ली कॅश' असे कागद लागले. आपल्याकडेही माणसं घाबरली. त्या आठवड्यांत फुकट नोंदणी करून देणारे पण अचानक वाढले.

कडोलीकडचे एक मामा तेव्हा माझ्याकडे आले. भाजीचा व्यापार, गाडी भरून गोव्याला माल पाठवतात. त्यांच्या हातात खात्याची नोटीस, बँकेचं स्टेटमेंट आणि कुणीतरी अर्धा भरून दिलेला नोंदणीचा फॉर्म.

"हे काय आलंय बघ की ताई जरा. एक पोरगा म्हणतोय फुकट करून देतो, नुसती सही करा. करू काय?"

म्हटलं, सही राहू दे मामा, आधी स्टेटमेंट बघू. ओळीन् ओळ वाचत बसलो. मुलाने मडगावहून पाठवलेले पैसे वेगळे केले. भिशीची उचल वेगळी. जावयाने परत केलेले हातउसने वेगळे. हे सगळं एकाच क्यूआर कोडवर आलेलं, म्हणून आकडा फुगलेला. उरलं ते सगळं भाजीचं. आणि ताजी भाजी करमुक्त आहे. नुसता करमुक्त माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही झाली तरी नोंदणी लागत नाही, माल गोव्याला गेला तरीही नाही. मी मामांना सांगितलं, हा फॉर्म फाडून टाका.

"मग तुझं किती झालं?"

"याचं काही नाही. पण नोटिशीला उत्तर द्यावंच लागेल. अडतीच्या पट्ट्या, स्टेटमेंट, सगळं जोडून. त्याचे एवढे होतील." आकडा तिथेच कागदावर लिहून दिला. मामा म्हणाले घरात विचारून सांगतो, आणि गेले. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांची पिशवी घेऊन हजर. पुढे सरकारनेही त्या नोटिशींबाबत नरमाई दाखवली, पण मामांचं उत्तर त्याआधीच गेलेलं होतं.

त्याच मामांनी भाजीबरोबर इथल्या इथे उदबत्ती, कापूर किंवा बिस्किटं विकली असती तर उत्तर बदललं असतं, कारण मग उलाढाल मोजताना करमुक्त मालही धरावा लागतो आणि नोंदणीसाठीची मालाची वर्षाला ४० लाखांची मर्यादा लागू होते. चहा-नाश्त्याचं दुकान असतं तर ती सेवा धरली जाते, तिथे मर्यादा २० लाखांचीच. हे प्रश्न विचारल्याशिवाय फॉर्मवर सही घेणारा माणूस सल्ला देत नसतो. फुकट तासात करायचं काम हेच: विचारायचं, वाचायचं, आणि खरं काय ते सांगायचं. त्यात माझा एक तास गेला, मामांचा वर्षानुवर्षांचा ताप वाचला.

आता तीन महिने रिटर्न फुकट भरून देण्याचं बघू. या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. रिटर्न भरणं म्हणजे दोन आकडे टाकून बटण दाबणं नव्हे. खरेदीची बिलं आणि पोर्टलवरचं २-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांची यादी, ताडून बघावं लागतं. ज्याच्याकडून माल घेतला त्याने बिल चढवलं नसेल तर आपल्या माणसाला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्याला फोन करून, मागे लागून ते चढवून घ्यावं लागतं, तेही पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरच्या आत. हे किचकट, वेळखाऊ काम आहे. ज्या कामाचे पैसे येणार नाहीत ते माणूस रात्री साडेअकराला उरकतो, आणि ताडणी राहून जाते. चौथ्या महिन्यात फी सांगितली की क्लायंट दुसऱ्या फुकटवाल्याकडे जातो. पहिल्याने केलेला गोंधळ निस्तरायला वर्षभराने तो तिसऱ्याकडे येतो. असे कागद माझ्या टेबलावर आले की मला त्या दुकानदाराचं वाईट वाटतं, आणि त्या मुलाचंही, कारण तीन महिने राबून त्याच्या हाती काहीच लागलेलं नसतं.

नवीन मुलांना माझं सांगणं आहे, तुम्हाला फुकटात काहीतरी द्यायचंच आहे ना? मग आपल्या भागालाच लागू पडणारं ज्ञान द्या, जे पुण्या-बंगळुरात बसलेला माणूस देऊ शकत नाही. आपण राज्याच्या सीमेवर राहतो. बेळगावच्या उद्यमबागेतला फौंड्रीवाला कास्टिंग मशिनिंगला महाराष्ट्रातल्या शिनोळीला पाठवतो. अंतर किती, तासाभराच्या आतलं. त्याच्या लेखी ते शेजारचं गाव, कायद्याच्या लेखी दुसरं राज्य. कर्नाटकातल्या कर्नाटकात ५० हजारांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद, लागत नाही, म्हणून तो समजतो की पाच-दहा हजारांच्या कास्टिंगला कशाला लागेल. पण जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. गाडी अडली की डिलिव्हरी चलन दाखवून भागत नाही. शिवाय तो माल वर्षाच्या आत परत यायला हवा.

असे किती मालक आहेत ज्यांचं एक शेड मच्छेत आणि एक शिनोळीत आहे. मालक एक, पॅन एक, पण जीएसटीचे नंबर दोन, एक कर्नाटकचा २९ ने सुरू होणारा आणि एक महाराष्ट्राचा २७ ने. या शेडमधून त्या शेडमध्ये सुटे भाग गेले तरी कायदा त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती धरतो आणि कर लावतो. निपाणीचा व्यापारी बघा. दीड कोटीपर्यंत उलाढाल असली की कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत, जा, एक टक्क्यात मोकळे व्हा, असं कुणीही सांगेल. पण त्याचा निम्मा माल कोगनोळीच्या पलीकडे महाराष्ट्रात कागल-कोल्हापूरला जात असेल तर कॉम्पोझिशन त्याला बंद आहे, कारण त्या योजनेत दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. हे न विचारता त्याला त्या योजनेत बसवलं तर पुढे सगळा कर दंडासकट त्याच्याच अंगावर येतो.

लहान वर्कशॉपवाल्याला अजून एक गोष्ट सांगा. उद्यम नोंदणी असेल आणि स्वतःचं उत्पादन असेल तर मोठ्या कंपनीने त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. नाही दिले तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. किती जणांची बिलं चार-चार महिने अडकून असतात आणि त्यांना हे माहीतच नसतं. पंधरा मिनिटं बसून एवढं समजावून सांगितलं तरी तो माणूस तुम्हाला विसरणार नाही.

सबसिडीच्या टक्केवारीबद्दल थोडं कडक लिहिते. पीएमईजीपी, म्हणजे नवीन उद्योगाच्या कर्जाला सबसिडी देणारी पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना. तिचा अर्ज ऑनलाइन आहे, त्याला फी नाही. 'रिपोर्ट फुकट, सबसिडी झाली की दहा टक्के' असं म्हणणारे भेटतात. पण ती सबसिडी लगेच उद्योजकाच्या हातात पडत नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते, आणि युनिट चालू राहिलं तरच कर्जात वळती होते. मग दहा टक्के कुठून जातात? कर्जातून, मशीन आणि कच्च्या मालासाठी आणलेल्या पैशातून. धंदा उभा राहायच्या आधीच त्याचं भांडवल कमी होतं. यापेक्षा रिपोर्टची ठरलेली फी आधी सांगून घेणं कितीतरी स्वच्छ.

सीए आणि वकील मंडळींना त्यांच्या संस्थांचे नियम आहेत, त्यांना हवी तशी जाहिरात करून क्लायंट ओढता येत नाही. आपल्यासारख्या कन्सल्टंटना असं बंधन नाही. म्हणून तर जबाबदारी आपल्यावर जास्त येते असं मी मानते.

मी काय करते तेही सांगते. पहिली बैठक फुकट, आणि त्यात मी मोबाइल बाजूला ठेवते. आलेला कागद पूर्ण वाचते. शेवटी एका कागदावर लिहून देते की तुम्हाला काय लागतं, काय लागत नाही, आणि जे लागतं ते मी केलं तर किती. तो कागद घेऊन ते दुसऱ्या कुणाकडेही जाऊ शकतात, त्यावर माझा हक्क नाही. काहीजण जातातही. पण सोसायटीचा पिग्मीवाला रोज संध्याकाळी दुकानादुकानात फिरतो, आणि 'त्या ताईने नंबर काढायला नको म्हणून सांगितलं' हे वाक्य त्याच्या तोंडून ज्या वेगाने पसरतं, त्या वेगाने माझी कुठलीही जाहिरात पोचली नसती. गणपत गल्लीत माझी आज जी कामं आहेत, त्यातली बरीचशी अशीच आलेली आहेत.

एका कामाचे पैसे मात्र मी कधीच घेत नाही आणि घेणार नाही: आलेला कागद मराठीत वाचून दाखवणं. आपल्याकडची कितीतरी दुकानदार मंडळी मराठी शाळेत शिकलेली. पोर्टल इंग्रजीत, ऑफिसचा कागद कन्नडमध्ये. सरकारी शिक्का दिसला की छातीत धस्स होतं, आणि त्या भीतीपोटी माणूस कुठेही सही करतो. कधीकधी तो कागद नुसती माहिती मागणारा असतो. त्या माणसाला समोर बसवून, पाणी देऊन, ओळीओळीने सांगायला दहा मिनिटं लागतात. त्यासाठी क्लायंट असण्याची अट कशाला?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात काम करणाऱ्या सगळ्या कन्सल्टंट मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. आपापल्या ऑफिसबाहेर मराठीत आणि कन्नडमध्ये एक पाटी लावूया. उद्यम, जीएसटी नोंदणी, पीएमईजीपी अर्ज: सरकारी फी शून्य. आमच्या कामाची फी: एवढी. पहिली भेट आणि कागद वाचून दाखवणं: मोफत. मी माझी पाटी लावली आहे. मराठी मजकूर तयार आहे, कन्नड मजकूर शेजारच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तपासून दिला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, दोन्ही पाठवते. फीचा आकडा तेवढा तुमचा तुम्ही भरा.