बारा वर्षांची स्कॉच आणि ४९ महिन्यांची टकिला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एरादुरा या मेक्सिकन कंपनीच्या ‘सेलेक्सिऑन सुप्रेमा’ या ४९ महिने मुरवलेल्या टकिलावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने खोडून काढलात, याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. टकिला म्हणजे शेवटी निवडुंगाची दारू. ती ४९ महिने लाकडात ठेवली म्हणून बारा वर्षांच्या स्कॉचहून जास्त पैसे मोजणं हा भाबडेपणा. आणि ‘जितकी जुनी तितकी उत्तम’ हे माझं वाक्य म्हणजे जाहिरातीची भाषा. पहिले दोन मला पटत नाहीत. तिसरा पटतो.

आधी झाडाबद्दल. टकिला ज्यापासून बनते तो निळा आगावे निवडुंग नव्हे. आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात असते, काही भागांत तिला केकताड म्हणतात, जिच्या पानांचा वाख काढून दोर वळत असत, तिचा हा सख्खा भाऊ. काट्यांमुळे गल्लत होते, पण वनस्पतिशास्त्राने त्याला शतावरीच्या कुळात बसवलंय. दख्खनच्या पठारावर वाढणाऱ्या घायपातीपासून मद्य बनवून एका कंपनीने ते २०११मध्ये गोव्यात बाजारात आणलं. त्याला ‘टकिला’ म्हणता येत नाही, कारण ते नाव मेक्सिकोने १९७४पासून भौगोलिक ओळख म्हणून राखलेलं आहे. अख्खं हालिस्को राज्य आणि इतर चार राज्यांतले काही तालुके, एवढ्याच भागात आणि एवढ्या एकाच जातीच्या आगावेपासून टकिला होते.

आता वयाचा हिशेब, कारण तुमचा खरा मुद्दा तिथे आहे. स्कॉचची बार्ली एका हंगामात हाती येते. आगावे लावला की काढणीला सहा-सात वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. आणि काढणी एकदाच. उसासारखा खोडवा नाही, कारण घ्यायचा असतो तो झाडाचा गाभाच. केळीच्या मुनव्यांसारखी बुडाशी पिल्लं फुटतात, ती काढून पुन्हा लावायची. मधोमध फुलाचा दांडा वर येऊ लागला की तो छाटायचा. फुलू दिलं तर झाड सगळी साखर त्या दांड्यात घालतं आणि मरतं. म्हणजे ४९ महिन्यांची टकिला तुमच्या पेल्यात येते तेव्हा तिच्यामागे दहा-अकरा वर्षं गेलेली असतात. लेबलवर त्यांचा फक्त उत्तरार्ध छापलेला असतो. (आज लावलेल्याला सात वर्षांनी काय भाव मिळेल हे शेतकऱ्याला ठाऊक नसतं. भाव चढला की सगळे लावतात, आणि सगळ्यांचं एकदम काढणीला आलं की भाव कोसळतो. कांद्याचं हे दुखणं आपण दर दोन-तीन वर्षांनी बघतो. तिथे ते सात वर्षं मुरतं.)

काढणीचं काम हिमादोरचं, म्हणजे आगावे तासणाऱ्या कामगाराचं. लांब दांड्याच्या गोल पात्याने, म्हणजे ‘कोआ’ने, तो पानं सपासप तासतो आणि उरतो अननसासारखा दिसणारा गाभा. त्याला नावही ‘पिन्या’, म्हणजे अननस. तीस-चाळीस किलोचा सहज. त्यातली साखर लांब साखळ्यांमध्ये बांधलेली असते, यीस्टला ती खाता येत नाही. म्हणून तो भाजावा लागतो. जुन्या पद्धतीच्या विटांच्या भट्टीत एक-दोन दिवस वाफेवर शिजला की साखळ्या तुटतात आणि गाभा तपकिरी, चिकट, भाजलेल्या रताळ्यासारखा गोड होतो. मग रस काढायचा. आता बहुतेक ठिकाणी उसासारखे लोखंडी रूळ असतात, पण काही जण अजून ‘ताहोना’ फिरवतात. किल्ल्यांवर चुन्याची घाणी पाहिली असेल ना? गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक? ताहोना म्हणजे जवळजवळ तीच. पुढे रस आंबवणं आणि कमीत कमी दोनदा भट्टी लावून गाळणं. जी चव टकिलाला टकिला बनवते ती इथवर तयार झालेली असते. लाकूड अजून लांब आहे.

लाकडाचं सांगायचं तर ‘एक्स्ट्रा अन्येहो’, म्हणजे सगळ्यात जास्त मुरवलेल्या टकिलांचा वर्ग, ज्यात सुप्रेमा येते, तो २००६मध्ये आला. किमान तीन वर्षं, ओकच्या ६०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जातं. हालिस्कोच्या कोरड्या, उबदार हवेत ते जास्त उडतं, आणि लाकडाची चवही मद्यात लवकर उतरते. म्हणून स्कॉटलंडमधलं एक वर्ष आणि हालिस्कोतलं एक वर्ष एकाच फुटपट्टीने मोजू नका.

आणि नेमकं म्हणूनच तुमचा तिसरा आक्षेप बरोबर आहे. तुमची प्रतिक्रिया आल्यावर मी एरादुराचीच जेमतेम मुरवलेली, पांढरी टकिला आणि ‘सुप्रेमा’ शेजारी शेजारी ठेवून पुन्हा चाखली. पांढरीत भाजलेला आगावे, मिरी, ओल्या गवताचा वास लख्ख होता. सुप्रेमात व्हॅनिला, सुका मेवा, दालचिनी आधी येतात, आगावे मागून आणि दबक्या पावलांनी. मला ती अजूनही फार आवडते, पण तिला ‘उत्तम टकिला’ म्हणताना मी लाकडाचे गुण झाडाच्या खात्यावर लिहिले होते. शिवाय कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे वजनाच्या एक टक्क्यापर्यंत लेबलवर न लिहिता घालण्याची मुभा नियमांनीच दिलेली आहे. त्यामुळे गडद रंग पाहून वय ओळखायला जाऊ नये, हे मी लेखात सांगायला हवं होतं. ‘जितकी जुनी तितकी उत्तम’ हे वाक्य आज काढून टाकलं आहे.

घ्यायचीच असेल तर कोणती, असं तुम्ही शेवटी विचारलंत. ‘१०० टक्के आगावे’ लिहिलेली पांढरी आधी घ्या. तसं लिहिलेलं नसेल तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसाची किंवा मक्याची असू शकते. बर्फ नको, मीठ-लिंबू नको, अरुंद तोंडाचा पेला घ्या आणि पंधरा मिनिटं नुसती उघडी ठेवा. ती आवडली तरच सुप्रेमाकडे जा, आणि काय वाटलं ते इथे कळवा.