‘ग्री’वाल्या तिसऱ्या शब्दाचं भूत

तो मेसेज फिरत फिरत पुन्हा आमच्या ग्रुपवर आला. ‘इंग्रजीत जी-आर-वाय या अक्षरांनी संपणारे फक्त तीन शब्द आहेत. एक अँग्री, दुसरा हंग्री. तिसरा तुम्ही रोज वापरता. 99 टक्के लोकांना सांगता येत नाही!’ निवृत्त काकांपासून नववीतल्या पोरांपर्यंत सगळे दोन दिवस डिक्शनऱ्या चाळत बसले होते, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘रोज वापरता’ हे घेऊ. असा शब्द नाही. शोधणं थांबवा. कुणी म्हणेल, ‘हँग्री’ आहे की, भुकेमुळे चिडचिड झालेला. आहे, आणि ऑक्सफर्डच्या कोशाने 2018 साली तो घेतलाही. पण हे कोडं निदान 1975 पासून अमेरिकेत फिरतंय. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमातून ते पसरलं आणि उत्तर विचारणारी पत्रं थेट मेरियम-वेबस्टर या कोशवाल्यांकडे येऊ लागली. तेव्हा ‘हँग्री’ रोजच्या तोंडी नव्हता.

‘फक्त तीन’ हे तर त्याहून खोटं. मोठ्या कोशांच्या अडगळीत शिरलात तर असे कितीतरी शब्द सापडतील. ‘अ‍ॅग्री’ म्हणजे घानाकडे मिळणारे जुने रंगीत काचमणी. ‘इग्री’ म्हणजे ‘चल, लवकर’. पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये असलेल्या सैनिकांनी तो तिथल्या अरबीतून उचलला. ‘मीग्री’ म्हणजे किडकिडीत. ‘हिग्री-पिग्री’ हे एका कडू रेचकाच्या भारदस्त नावाचं लोकांच्या तोंडी झालेलं भजं. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये भुकेल्या लोकांसाठी ‘अ‍ॅन-हंग्री’ आलाय. आणि नुसतं ‘जी-आर-वाय’ हासुद्धा आख्खा शब्द आहे! मूळ ग्रीक, अर्थ क्षुल्लक वस्तू. सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञाने दशमान मोजमाप सुचवलं, त्यात इंचाचा दहावा भाग म्हणजे ‘लाइन’ आणि लाइनचा दहावा भाग म्हणजे हा ‘ग्राय’. कुणी वापरला नाही, तो भाग वेगळा.

माझा सगळ्यात आवडता मात्र ‘पगरी’. हिंदुस्थानातले साहेब उन्हापासून वाचायला टोपीभोवती पातळ कापड गुंडाळत, त्याचं हे नाव. हिंदी ‘पगड़ी’वरून घेतलेलं, म्हणजे आपली पगडीच. इंग्रजीत त्याची स्पेलिंगं अनेक होती, पण ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तो जी-आर-वाय शेवटी घेऊन बसलाय.

आता ग्रुपवरचे हुशार लोक. त्यांचं म्हणणं, ‘खरं उत्तर लँग्वेज आहे! मूळ वाक्य होतं: द इंग्लिश लँग्वेज यात तीन शब्द आहेत, तिसरा कोणता? जी-आर-वाय नुसती दिशाभूल.’ ऐकायला झकास, पण 1975 च्या नोंदींत ही चलाखी नाही. ती नंतर लावलेलं ठिगळ आहे. शिवाय ती चालते फक्त तोंडी सांगताना. लिहिताना अवतरणचिन्हं द्यावी लागतात आणि दिली की भांडं फुटतं. मराठीत तर ती जागीच मरते, कारण ‘इंग्रजी भाषा’ यात शब्दच दोन. तरी लोक मराठीत फॉरवर्ड करतात आणि वर ‘नीट वाचा’ म्हणतात.

मेसेजच्या लांबलेल्या आवृत्तीत ‘हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून’ असंही होतं. छे. अँग्री आला नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांच्या ‘आंगर’ या दुःखवाचक शब्दातून, हंग्री हा जुन्या इंग्रजीतला घरचाच. ‘अँगर’ आणि ‘हंगर’ला वाय जोडताना मधला ई गळला, एवढंच. फुगडी, बांगडी आणि पगडी यांचा शेवट सारखा म्हणून त्यांना कुणी सख्ख्या बहिणी म्हणत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहायचा कंटाळा आला, म्हणून मी नुसतं उत्तर टाकलं: ‘पगडी.’ पाच मिनिटांत काकांचा मेसेज: ‘मराठी नको, इंग्रजी सांग.’