रिव्ह्यूला उत्तर: तुमच्या पीसीत साटा एसएसडीच का बसवली

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. १ टीबी सांगून ९३१ जीबी दिली, एनव्हीएमई ही नवी, जास्त वेगाची एसएसडी (हार्ड डिस्कसारखाच डेटा ठेवणारी, पण चिपवर चालणारी डिस्क) मिळत असताना जुन्या पद्धतीची, साटा वायरने जोडायची एसएसडी गळ्यात मारली, न विचारता डीव्हीडी रायटरची वायर हलवली, आणि फोटो कॉपी व्हायला रात्र गेली, अशी तुमची तक्रार आहे. पैसे मोजणाऱ्याला हे प्रश्न पडणारच. उत्तर इथेच देतोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी जुन्या पीसीत एसएसडी वाढवायला येतात.

९३१ चा हिशोब सोपा आहे. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते आणि तेवढे देतेही. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट मोजतं. भागून बघा, ९३१ च येतात. कुठल्याही कंपनीची १ टीबी घ्या, विंडोजमध्ये एवढीच दिसेल.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पीसीचा मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा (बोर्डवरची मुख्य चिप), म्हणजे २०१३ च्या पिढीचा. त्यावर एम.टू स्लॉट, म्हणजे एनव्हीएमई थेट बसवायची खाच, नाही. एनव्हीएमई लावायची तर अ‍ॅडॅप्टर कार्ड घ्यावं लागलं असतं, आणि मोठ्या स्लॉटमध्ये तुमच्या मुलाचं ग्राफिक्स कार्ड बसलंय. उरतो छोटा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. तो जुन्या २.० पिढीचा, कागदावरच सेकंदाला ५०० एमबी, हातात त्याहून कमीच पडतात. साटावर ५५० पर्यंत मिळतात. जास्त पैसे घालून कमी वेग, असा माल मी कसा देऊ? खोक्यावरचे ३५०० किंवा ७००० चे आकडे खरे आहेत, पण ते नव्या बोर्डवर.

वायर हलवली तीही वेगासाठीच. तुमच्या बोर्डवर साटाचे चार पोर्ट आहेत, दोन सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे आणि दोन ३ गिगाबिटचे. ६ वाल्या एका पोर्टवर विंडोजची २४० जीबीची एसएसडी होती आणि दुसरा डीव्हीडी रायटरने अडवला होता. रायटरला सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर लागतच नाही, म्हणून तो ३ च्या पोर्टवर नेला आणि मोकळ्या झालेल्या ६ च्या पोर्टवर नवी एसएसडी जोडली. ३ च्या रिकाम्या पोर्टला तशीच लावून दिली असती तर काम लवकर उरकलं असतं, पण वेग निम्म्यावर आला असता.

कॉपीला वेळ लागला तो जुन्या हार्ड डिस्कमुळे. ती जेवढं वाचून देईल तेवढंच एसएसडी लिहिणार, आणि हजारो बारीक फोटो वाचताना हार्ड डिस्क फारच रेंगाळते. हे एकदाच सोसायचं होतं. आता तेच फोटो एसएसडीवरून उघडून बघा.

एक कळकळीची विनंती आहे. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून विकणार असं तुम्ही लिहिलंय. तसं करू नका. हार्ड डिस्क बिघडायला लागली की बऱ्याचदा आधी आवाज करते, अडखळते. एसएसडी कित्येकदा काही न सांगता एकदम बंद पडते आणि मग आतला डेटा काढणं फार अवघड जातं. घरचे लग्नाचे फोटो एकाच जागी ठेवू नका. ती डिस्क काढून कपाटात ठेवा, अधूनमधून जोडून नवे फोटो त्यात टाका. खानापूर भागात पावसाळ्यात लाईट किती जाते ते तुम्हीच जाणता. फाईल लिहिली जात असताना लाईट गेली तर ती खराब होऊ शकते, म्हणून छोटा यूपीएसही असू द्या.

वेगाबद्दल अजून शंका असेल तर खडेबाजारातल्या दुकानात या. तुमच्यासमोर क्रिस्टलडिस्कमार्क हे डिस्कचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर लावतो. सलग वाचनाचा आकडा सेकंदाला ५०० एमबीच्या खाली आला तर एसएसडी बदलून देईन. मॉनिटर, कीबोर्ड आणायची गरज नाही, नुसतं कॅबिनेट आणि बिल आणा.