खडकवासला धरण फुटलेलं नाही: नारायण पेठेतल्या रहिवाशांसाठी खुलासा

‘खडकवासला फुटायला आलंय, पानशेतसारखं होणार, रात्रीत घरं सोडा’ असा मेसेज आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे खोटं आहे. सोबतच्या व्हिडिओत भिडे पुलाचे कठडे पाण्याखाली गेलेले दिसतात. पण तो पूल मुळातच बुटका आहे. धरणातून विसर्ग वाढला की तो बुडतो आणि वाहतूक बंद होते; दर पावसाळ्यात पुणेकर हे बघतात.

खडकवासल्याची साठवण जेमतेम २ टीएमसी (म्हणजे २ अब्ज घनफूट). त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं. पाऊस लागला की हे छोटं धरण लवकर भरतं, म्हणून दरवाजे उघडून पाणी मुठा नदीत सोडावं लागतं. दरवाजे उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो; १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्याचं काम अजून पुरतं झालेलं नव्हतं, आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. आमच्या वाड्यातल्या आजींनी तो पूर पाहिलाय. मेसेज वाचून त्यांनी रेशनकार्ड अन् पासबुक पिशवीत बांधून उशाशी ठेवलं. अशा माणसांना घाबरवू नका, कळकळीची विनंती आहे.

मात्र नदीकाठच्या सखल भागातल्यांनी विसर्गाची सूचना हलक्यात घेऊ नये. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. पात्रातल्या गाड्या आधीच काढा आणि जलसंपदा विभाग व महापालिकेच्या सूचनाच पुढे पाठवा.