बायोप्सी टाळणारं हॉस्पिटल शोधा म्हणे!

मावशीने स्तनातल्या गाठीची बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणं, पुढे ढकलली. कारण काय, तर नात्यातल्या कुणीतरी पाठवलेला ‘कॅन्सरसाठी हॉस्पिटल ऑनलाइन कसं शोधावं’ हा फॉरवर्ड. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हॉस्पिटलचं मानांकन, म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेली मान्यता, हा पैसे भरून मिळणारा कागद. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ते हॉस्पिटल उत्तम. बरे झालेल्यांचे व्हिडिओ बघून ठरवा. आणि मानांकित हॉस्पिटलं आधी सुई टोचतात, सुई टोचली की कॅन्सर पसरतो, म्हणून बायोप्सीशिवाय उपचार करणारं केंद्र गाठा.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो जिवावर बेतणारा आहे. स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय ती कॅन्सरची आहे की साधी, हेच पक्कं सांगता येत नाही. कॅन्सर असेल तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या होतात. हार्मोनला अडवणारी गोळी चालेल का (ईआर, पीआर), हर-२ वर मारा करणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध द्यायचं का, हे त्यांवरून ठरतं. ही माहिती नसताना कुणी उपचार सुरू करत असेल, तर तो नेमका कशावर उपचार करतोय?

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, यात अर्धसत्य आहे, तेही सांगते. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याच्या नोंदी आहेत, पण असं क्वचित होतं. सार्कोमात, म्हणजे हाडाच्या किंवा स्नायूंच्या कॅन्सरमध्ये, सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलून ठरवतात. यकृताच्या काही कॅन्सरचं निदान नुसत्या स्कॅनवर होतं. वृषणाच्या गाठीला तर बाहेरून सुई लावतच नाहीत. पण हे बारकावे कुणाला माहीत असतात? ज्या ठिकाणी सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि केमो-रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात, म्हणजे ट्यूमर बोर्ड असतो, तिथल्या लोकांना. म्हणजे ही भीती खरी मानली, तरी ती चांगल्या हॉस्पिटलकडेच नेते.

‘बायोप्सी नको’ म्हणणारी केंद्रं बहुधा पर्यायी उपचारच विकतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या नावाने निघणाऱ्या जर्नलमध्ये अशा उपचारांचा हिशेब मांडला. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याचा, शरीरात इतरत्र न पसरलेला कॅन्सर असलेले रुग्ण त्यांनी घेतले. फक्त पर्यायी उपचार निवडणारे २८१, नेहमीचे उपचार घेणारे ५६०. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त! हे सगळे आजार वेळेवर उपचार झाले तर आटोक्यात येण्यासारख्या टप्प्यावर होते. आणि हा अभ्यास ज्या नोंदींवर झाला, त्या अमेरिकेतल्या ‘कमिशन ऑन कॅन्सर’चं मानांकन असलेल्या हॉस्पिटलांनी ठेवलेल्या आहेत. रुग्णाचं पुढे काय झालं याचा माग ठेवणं हा त्या मानांकनाच्या अटींचा भाग आहे. नुसता कागद असता तर या नोंदी आल्या कुठून?

मानांकनाला शुल्क लागतं, हे खरं. प्रत्येक डॉक्टर निष्णात असल्याची हमी ते देत नाही, हेही खरं. पण त्यासाठी बाहेरचे तपासनीस येतात, संसर्ग, औषधं, नोंदी तपासतात, आणि मुदत संपली की पुन्हा येतात. व्हिडिओवाल्यांना कोण तपासतं? बरे झालेलेच कॅमेऱ्यासमोर येतात. जे गेले, त्यांचा व्हिडिओ कोण टाकणार?

सगळ्यात वर येणाऱ्या नावाबद्दल एवढंच, की ती पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते वाचा.

शोधायचं असेल तर उलट्या बाजूने शोधा. हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा लोगो पुरावा नव्हे. मानांकन देणाऱ्या संस्थेच्याच यादीत जा: भारतात एनएबीएच, अमेरिकेत कमिशन ऑन कॅन्सर, आंतरराष्ट्रीय पातळीवर जेसीआय. नाव, शाखा आणि मुदत, तिन्ही जुळवा. साखळी हॉस्पिटलच्या एका शाखेचं मानांकन दुसरीला आपोआप लागू होत नाही. एनएबीएलचं मानांकन प्रयोगशाळेपुरतं असतं, आणि आयएसओ ९००१ हे कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र तर कारखान्यालाही मिळतं. यादीतलं हॉस्पिटल सापडलं की फोन करून विचारा: या कॅन्सरची केस ट्यूमर बोर्डसमोर ठेवता का, आणि रेडिएशनची सोय इथेच आहे की दुसरीकडे पाठवता? सरळ उत्तर मिळालं नाही, तर यादीतलं पुढचं नाव बघा.